सहभागी नऊची मूठ

सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी लहानू धोत्र्याचे दोन्ही हात हवेत गेले.

मी वेळ लिहिली. त्या खोलीत माझं काम तेवढंच होतं. जाड गादी, कोपऱ्यात मिठाचा दिवा, उशाशी तांब्याचा वाडगा, छताला दोन कॅमेरे. लहानूच्या डोळ्यांवर काळी पट्टी, कानांत बासरी आणि पोटात एक कॅप्सूल, बुरशीपासून काढलेल्या द्रव्याची. ती घेऊन दोन तास झाले होते. त्याच्या उशाशी डॉ. निरंजन ओगले मांडी घालून बसले होते, अनवाणी. सत्राच्या दिवशी सर चपला बाहेर काढत आणि आवाज अर्धा करत.

वहीतलं जसंच्या तसं देते.

११.४०. हात वर. मुठी घट्ट, एकीवर एक.

११.४३. थेरपिस्ट: मूठ सोड, लहानू. सहभागी: न्हाई.

११.४४. थेरपिस्ट: सोड. मी आहे ना इथे. सहभागी: न्हाई सायेब. खाली हाय.

११.४६. थेरपिस्ट: खाली काही नाही. हे सगळं तुझ्या मनात आहे. भरवसा ठेव आणि सोड.

११.५२. मुठी उघडल्या.

मी घाबरले. (ही ओळ खोडते. आमच्याकडे खोडायचा नियम होता: एकच रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी सही. मी घाबरले नव्हते. मी ११.५२ लिहीत होते.)

मुठी उघडल्यावर लहानू ओरडला नाही, रडला नाही. कान देऊन काहीतरी ऐकत राहिला, एखादी वस्तू पडल्याचा आवाज यायची वाट बघावी तसा. मग तो आवाज त्याला आला असावा. कारण त्याचं सगळं अंग एकदाच उडालं आणि निपचित झालं.

सरांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते माझ्याकडे वळून कुजबुजले, "लिही, शलाका. सोडलं त्याने. चार वर्षांनी सोडलं."

मी लिहिलं.

*

सात वर्षं झाली या गोष्टीला. तेव्हा मी सव्वीसची, औषधशास्त्राची पदवी घेतलेली, आणि पुण्याच्या कडेला टेकडीपाशी असलेल्या एका संस्थेत संशोधनाची को-ऑर्डिनेटर. म्हणजे कागद माझे. जुन्या धक्क्यातून न सावरलेल्या माणसांना हे द्रव्य द्यायचं, सोबत बसून बोलायचं आणि ती बरी होतात का ते मोजायचं, असा तो प्रयोग. परदेशी कंपनीचा, रीतसर परवानगीचा, एकोणीस पानांच्या संमतिपत्राचा.

खोलीत दोन थेरपिस्ट हवेत असं नियमात होतं. दुसरी थेरपिस्ट दुसऱ्या महिन्यात नोकरी सोडून गेली. मग माझं चार दिवसांचं प्रशिक्षण झालं. त्यातले दोन दिवस ओंकार म्हणण्यात गेले. आणि मी दुसरी थेरपिस्ट झाले.

सरांचा एक सिद्धांत होता: प्रत्येकाच्या आत एक वैद्य असतो. आपण फक्त दार उघडायचं, आतला वैद्य काय ते बघून घेतो. हा आतला वैद्य मोठा सोयीचा गृहस्थ होता. माणूस शांत झाला की आतल्या वैद्याने बरं केलं. माणूस रात्ररात्र जागा राहिला, बायकोवर धावून गेला, की आतला वैद्य शस्त्रक्रिया करतोय. चुकायची त्याला मुभाच नव्हती, त्यामुळे सरांनाही नव्हती.

आणखी एक गंमत. कुणाला खरं औषध मिळालं आणि कुणाला नुसती पिठाची कॅप्सूल, हे कुणालाच कळू द्यायचं नाही असा नियम. पहिल्या कॅप्सूलनंतर लहानू सहा तास घोरला. दुसरीनंतर दोन तासांत त्याला भिंती श्वास घेताना दिसायला लागल्या. आम्ही सगळे न कळल्याचे चेहरे करून फिरत होतो.

*

सहभागी क्रमांक: नऊ. नाव: लहानू धोत्रे.

वय: एकेचाळीस.

व्यवसाय: मजूर.

घटना: कामाच्या ठिकाणी अपघात. भावाचा मृत्यू, प्रत्यक्ष पाहिला.

ओळखखूण: दोन्ही तळव्यांवर जुने आडवे व्रण.

हे अक्षर माझं. पहिल्या दिवशी लहानू माझ्यासमोर वीस मिनिटं बोलला होता. विहिरी खोल करायचा धंदा, आष्टीच्या पुढची वस्ती, यंत्र, भाऊ, सगळं. मला घटनेसाठी छापील दोन ओळी होत्या. वीस मिनिटं त्या दोन ओळींत बसवली आणि 'मजूर' लिहून मोकळी झाले. बाहेर चार जण थांबले होते. (खोडते. दोन जण थांबले होते.)

संमतिपत्राची एकोणीस पानं मी वाचून दाखवली, कॅमेऱ्यासमोर. शेवटी विचारलं, "काही प्रश्न?"

"हे घेतल्यावर हणमंता दिसंल का?"

"सांगता येत नाही."

"दिसला तर बोलंल का?"

"तेही सांगता येत नाही."

"मग तुमाला काय काय सांगता येतं, मॅडम?" तो हसत म्हणाला, आणि सही केली.

त्याच्यासोबत दर खेपेला त्याची वहिनी यायची. कौसाबाई. हणमंताची बायको. पन्नाशीची, काटक, कपाळ मोकळं. ती बाहेरच्या बाकावर दिवसभर बसायची. तिच्यासाठी माझ्याकडे एक चौकोन होता: नातेवाईक उपस्थित. मी त्यात बरोबरची खूण करायचे.

त्या दुसऱ्या सत्राच्या संध्याकाळी लहानूला धरून बाहेर आणलं, तर ती उठून उभी राहिली आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

"काय पाजता हो मॅडम याला? आमच्यात पिऊन लोक बोंबलत्यात. ह्यो पिऊन मुका झाला."

"दमलेत ते. चांगलं झालं सत्र."

"कुणाचं?" तिने विचारलं.

मी तिला पुढच्या तारखेची चिठ्ठी दिली.

*

आठ दिवसांनी लहानू तपासणीला आला तो दाढी करून, स्वच्छ शर्ट घालून. दुसऱ्या शहरातून एक बाई फोनवर प्रश्न विचारणार होत्या. त्यांना काहीच माहीत नसतं, म्हणून त्यांचा आकडा खरा, अशी पद्धत होती. मी स्पीकर लावून शेजारी बसले.

"गेल्या आठवड्यात अचानक दचकलात?"

"न्हाई."

"घटनेची स्वप्नं पडली?"

"न्हाई."

"इंजिनाचा आवाज टाळता?"

"आता काय टाळायचं?"

"म्हणजे नाही?"

"न्हाई."

"झोप?"

"लागती. लई चांगली."

त्रासाचा अठ्ठेचाळीसचा आकडा नऊवर आला. बाईंनी फोनवर अभिनंदन केलं. तेही नियमात बसत नव्हतं, पण आनंदात कोण बघतं.

मग त्याचं वजन करायला आम्ही आतल्या खोलीत गेलो. पाच किलो उतरलं होतं. मी सहज विचारलं, "खरंच बरं वाटतंय ना, लहानूभाऊ?"

"व्हय. कोडं सुटलं."

"कसलं?"

"चार साल म्या म्हणत व्हतो, ब्रेक तुटला. पोलिसबी तेच म्हणले. पन त्या दिवशी सायबांनी आत नेलं अन् दावलं. म्याच सोडला."

"काय सोडलं?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मला कळत नाही हे त्याला खरंच वाटेना.

मग त्याने वजनकाट्यावर उभ्याउभ्याच मला समजावलं, लहान मुलीला समजावतात तसं. विहिरीच्या काठावर यारी असते. यारी म्हणजे इंजिनावर चालणारं ओढयंत्र. तारेला लोखंडी डबा. डब्यातून दगड वर येतो, माणूस खाली जातो. काठावरच्या माणसाच्या हातात ब्रेकचा दांडा. तो दोन्ही मुठींनी धरायचा, एकीवर एक. आणि त्याने दोन्ही मुठी वर धरून दाखवल्या.

मी काट्याचा आकडा लिहीत होते. तो आकडा पुढे लिहिलाच नाही.

"दांडा सोडला की डबा जातो खाली," तो म्हणाला. "डब्यात हणमंता व्हता. म्या सोडला. सोडताना बघितलं की म्या."

"अहो, ते औषधात दिसलं. सर म्हणाले म्हणून..."

"सायेब कशाला खोटं बोलतील? एवढा मोठा मानूस, बिनचपलीचा बसतो माझ्यापाशी." मग आवाज खाली आणून म्हणाला, "लिहू नका हे. त्यांला वाईट वाटंल. एवढं केलं त्यांनी माझ्यासाठी. वैनीला मीच सांगनार हाय. तिला सांगितलं, की मग माझं मी बघीन."

"माझं मी बघीन म्हणजे काय?"

"मग काय उरतं, मॅडम?" तो शांतपणे म्हणाला आणि काट्यावरून खाली उतरला.

तो का झोपत होता ते तेव्हा मला कळलं. ज्याचं ठरलेलं असतं त्याला झोप लागते. आमच्या प्रश्नावलीत याला नऊ गुण होते.

*

"उत्तम," सर म्हणाले.

मी उभी होते. त्यांनी बस म्हटलं नाही आणि मलाही सुचलं नाही.

"सर, तो जीव द्यायचं म्हणतोय."

"असं म्हणाला?"

"माझं मी बघीन म्हणाला."

"म्हणजे जबाबदारी घेतोय स्वतःची. शलाका, चार वर्षं हा माणूस ब्रेकवर ढकलत होता. आता अपराधभाव वर आलाय. आतला वैद्य..."

"सर, तुम्ही त्याला मूठ सोड म्हणालात. अकरा वेळा. मी मोजलंय व्हिडिओत. ती ब्रेकची मूठ होती. यारीच्या."

"यारी म्हणजे? मैत्री?"

मी सांगितलं यारी म्हणजे काय. पाच मिनिटं लागली. सर मन लावून ऐकत होते, मान डोलावत होते. ऐकून झाल्यावर म्हणाले, "किती सुंदर प्रतिमा आहे."

"प्रतिमा नाही सर. यंत्र आहे."

"त्याच्यासाठी यंत्र. मनासाठी प्रतिमा."

"मग त्याला व्हिडिओ दाखवू या. तुम्ही सांगताय आणि तो नाही म्हणतोय, हे त्याला स्वतःला दिसू दे."

"सहभागीला व्हिडिओ दाखवता येत नाही. संमतिपत्रात आहे, पान चौदा. तूच वाचून दाखवलंस."

हे खरं होतं.

मी गंभीर दुष्परिणामाचा फॉर्म भरून नेला होता. चोवीस तासांत तो नैतिक समितीकडे आणि कंपनीकडे जायला हवा होता. सरांनी तो वाचला. रागावले नाहीत. सर कधीच रागावत नसत, हीच त्यांची दांडगाई होती. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं.

"हा फॉर्म गेला, की उद्या सकाळपासून सगळ्यांचं औषध बंद. नऊ जण रांगेत आहेत. ती नर्स आहे, साताऱ्याची, सहा वर्षं घराबाहेर पडलेली नाही. तिला तू फोन करून सांगणार का, की एका माणसाच्या एका वाक्यामुळे तुमचं थांबलं?"

मी पाण्याचा ग्लास उचलला.

"मी असं म्हणत नाही की कळवू नकोस. कळव. फक्त 'गंभीर'च्या जागी 'अपेक्षित' कर. भावनिक उलथापालथ अपेक्षितच असते. प्रोटोकॉलमध्ये लिहिलंय. मी त्याला रोज फोन करीन, स्वतः. चालेल?"

मी विरोध केला. (खोडते.)

मी म्हणाले, "चालेल, सर." 'गंभीर'वर एक रेघ मारली, 'अपेक्षित' लिहिलं, शेजारी सही केली. नियमाप्रमाणे अगदी निर्दोष खाडाखोड. तपासनीसाने पुढे तिचं कौतुकही केलं.

सरांनी रोज फोन केला नाही. एकदा केला. लहानू म्हणाला, "लई बरं हाय सायेब." सरांनी ते मला अभिमानाने सांगितलं. सायबाला फोनवर बरं नाही कसं म्हणायचं, ही भीड ज्याला कळत नाही त्याने माणसांचं मन मोजायला निघावं, याचं मला तेव्हा हसू यायला हवं होतं. मी फोन केल्याची नोंद केली.

*

सत्रानंतर बाराव्या दिवशी मी फोन लावला. लहानूचा फोन कौसाबाईने उचलला.

"सांगितलं त्यानं मला," ती म्हणाली. "परवा. पायावर डोकं ठेवून."

"वहिनी, ते कुठे आहेत?"

"हाय. डोळ्यासमोर हाय. दोन रात्री झोपले न्हाई मी. तुमी या. अन् त्या सायबालाबी घेऊन या."

सर आले नाहीत. सहभागीच्या घरी जाणं प्रोटोकॉलमध्ये नव्हतं. त्यांनी एक रंगीत पुस्तिका दिली, 'प्रवासानंतरचे दिवस' नावाची. मुखपृष्ठावर कमळ. मी रजा टाकली आणि एसटीने गेले.

वस्तीपासून अर्ध्या कोसावर कुणाची तरी नवी विहीर चालू होती. दुपारची सुट्टी. गडी लिंबाखाली भाकरी खात होते, यारी बंद उभी होती. तिच्यापासून वीसेक पावलांवर लहानू उकिडवा बसला होता, विहिरीकडे पाठ करून. कौसाबाई त्याच्या आणि विहिरीच्या मधे उभी होती. दोन दिवस ती हेच करत असावी.

तिने मला पाणी विचारलं नाही.

"काय म्हणला तुमचा सायेब याला? तंतोतंत सांगा."

"मूठ सोड म्हणाले."

"कशाची मूठ?"

"ते... आम्हाला माहीत नव्हतं."

"इचारलं न्हाई?"

"नाही."

"यानं सोडीन म्हणलं?"

"नाही म्हणाले होते. बऱ्याच वेळा."

"तरी म्हणला सोड."

"हो."

"तुमी कुठं व्हता?"

"तिथेच."

तिने मान हलवली, जणू एवढंच विचारायचं होतं. मग म्हणाली, "मी बाहेर बाकड्यावर बसले व्हते. दर खेपेला. एक दिस कुणी भाईर येऊन इचारलं असतं ना, बाई, तू कोन, तू काय बघितलंस, तर सांगितलं असतं. मी काठावर व्हते त्या दिवशी. गडी दगड भरत्यात, बाया वढत्यात. मी तारेपाशी व्हते."

लहानू मागे न बघता म्हणाला, "वैनी, पुरे."

घरात ते आपसात वडारी बोलत. आता ती मुद्दाम मराठीत बोलत होती, मला ऐकवायला.

"ब्रेकचा पट्टा तुटला. दांडा गेला ढिला, लहान पोराच्या खुळखुळ्यागत. याच्या हातात नुसतं लोखंड. डबा सुटला खाली. मग यानं काय केलं? दांडा सोडला."

लहानूने तोंड वर केलं.

"व्हय, सोडलास. खरं हाय तुझं. दांडा सोडलास अन् पळती तार धरलीस. दोन्ही हातांनी. दाव त्यांला हात."

तो दाखवेना. तिने त्याची दोन्ही मनगटं धरून तळवे माझ्यासमोर उलटे केले. आडवे, खोल, पांढरे पडलेले पट्टे, एका हातावरून सरळ दुसऱ्या हातावर गेलेले. मी ते पूर्वी पाहिले होते. ओळखखूण म्हणून लिहून घेतले होते.

"हाडं दिसत व्हती. तार रक्तानं निसरली तवा हात सुटला. तरी मूठ मिटलेलीच. मी त्याचं बोट बोट उकललं त्या दिशी, मला इचारा."

मला वाटलं, सुटलं. असं कानांनी ऐकल्यावर सुटेलच. (हे खोडत नाही. मला तसंच वाटलं होतं. मीही सरांच्याच शाळेतली.)

लहानू म्हणाला, "तू माझा जीव वाचावा म्हणून बोलतीस. म्या बघितलंय. खाली काय न्हाई म्हणले, भरवसा ठेव म्हणले, अन् म्या सोडला. मला तार दिसलीच न्हाई."

"सायबाच्या गोळीत न्हाई दिसली. माझ्या डोळ्यानं दिसली."

"तुझ्यापेक्षा मला ठावं."

कौसाबाईने पदर खोचला. आधी मला वाटलं ती त्याला मारणार. ती सरळ यारीपाशी गेली, लिंबाखालच्या गड्यांना म्हणाली, "इंजिन चालू करा रं," आणि डब्यात चढून उभी राहिली.

"वैनी!" लहानू उठलाच.

"तू मारतोस ना मानसं? ये. दांडा धर."

"उतर खाली."

"तुझ्या हातानं उतरते."

मी धावले. "वहिनी, असं नका करू. त्यांची मनःस्थिती... हे धोक्याचं आहे, मी याला परवानगी..."

"तुमची परवानगी?" ती डब्यातूनच हसली, मला आजवर कुणी हसलं नसेल असं. "आना कागद. एकोनीस पानं आना. अंगठा देते अन् मग उतरते, चालंल?"

एका गड्याने इंजिन सुरू केलं. त्याला बहुतेक वाटलं चेष्टा चालली आहे. त्या आवाजासरशी लहानूच्या अंगातून सरकन काहीतरी गेलं. पण डबा काठावरून सुटून विहिरीवर झुलायला लागला होता, आणि त्यात त्याची वहिनी होती. तो धावला. गड्याला बाजूला ढकलून त्याने दांडा धरला. दोन्ही मुठींनी, एकीवर एक.

"सोड हळू," ती म्हणाली. "सात परस हाय. तळाला पाय लागला की हाक देते."

डबा खाली गेला. एक परस, म्हणजे पुरुषभर खोल. दोन. तिसऱ्याला तो अडकला. म्हणजे लहानू अडकला. मुठी पांढऱ्या पडलेल्या, डोळे मिटलेले, ओठ हलत होते. तेच हात, तीच उंची. माझ्या हातात वही नव्हती, इतकाच फरक होता.

काहीतरी बोलावं असं मला इतकं अनिवार वाटलं, की तोंड उघडलंच. 'लहानूभाऊ, घाबरू नका' असलं काहीतरी. चार दिवसांच्या प्रशिक्षणातलं.

विहिरीतून कौसाबाईचा आवाज आला, भिंतींना आपटून वर येणारा.

"त्याच्यासंगं कुनीबी बोलू नका!"

मी तोंड मिटलं. गडी भाकरी हातात धरून उभे होते. इंजिन धडधडत होतं. एक मिनिट गेलं असेल, दोन गेली असतील. मी वेळ पाहिली नाही.

मग डबा हलला. हळू, वीत वीत. चौथा परस, पाचवा. खाली दगडावर लोखंड टेकल्याचा आवाज आला आणि तिची हाक. तळाशी ती थोडा वेळ थांबली. काय केलं कुणास ठाऊक. मग पुन्हा हाक आली आणि लहानूने तिला वर घेतलं.

ती उतरली. लुगड्याला चिखल लागला होता. लहानूने दांडा गड्याच्या हातात दिला, तेव्हा त्याचे हात कोपरापासून उडत होते.

"थरथरत्यात," तो तिला म्हणाला, तक्रार करावी तसं.

"थरथरू दे. धरला तर व्हतास."

तो तिथेच मातीत बसला आणि रडला. तीन महिन्यांत पहिल्यांदा. ती शेजारी बसली नाही, पाठीवरून हात फिरवला नाही. गड्यांपाशी जाऊन स्वतःला भाकरी मागून घेतली आणि उभ्याने खाल्ली.

*

लहानू आहे. यारीला त्याने पुन्हा हात लावला नाही. शेळ्या पाळतो. कधी एखाद्या सकाळी त्याला परत वाटतं की आपणच सोडला. मग कौसाबाई त्याचा तळवा उलटा करून त्याच्यासमोर धरते आणि कामाला जाते. हे फोनवर तीच सांगते. औषधाने घुसवलेलं पूर्ण निघत नाही. सातार्‍याच्या नर्सलाही औषध मिळालं. तिचं काय झालं ते मला कळलं नाही, कारण त्या महिन्याअखेर मी नैतिक समितीला पत्र लिहिलं आणि नोकरी गेली. समितीने दखल घेतल्याचं उत्तर पाठवलं. दोन ओळींचं.

पण त्या दिवशीचं एक सांगायचं राहिलं. परत येताना आष्टीच्या स्टँडवर मी एसटीची वाट बघत होते, तेव्हा सरांचा फोन आला.

"कसा आहे आपला नऊ नंबर?"

मी जे झालं तेच सांगितलं. म्हणाले, "सर, आज ते यारीवर उभे राहिले. दांडा धरला. सात परस डबा उतरवला आणि वर घेतला."

सरांचा आवाज, पहिल्यांदाच पूर्ण आवाजात.

"म्हणजे कामावर परतला?"

"तसं नाही, सर..."

"शलाका, चार वर्षांनी! दोन कॅप्सूलमध्ये! बाराव्या आठवड्याच्या फॉर्ममध्ये घाल हे. बघितलंस ना आतला वैद्य काय करतो?"

"सर, वहिनी उतरली डब्यात. स्वतः. त्यांनी केलं हे."

"कोण वहिनी?" सरांनी विचारलं.